भाडेकरू घर सोडून गेला, भाडं थकलेलं. कोर्टातून वसूल होतं का?

वैतागलेला_मालक
नमस्कार मंडळी. आमचा भाडेकरू ४ महिन्यांचं भाडं थकवून गेला, डिपॉझिट २ महिन्यांचं होतं ते वळतं केलं तरी २ महिने उरतातच. आधी "पुढच्या आठवड्यात टाकतो" असे मेसेज यायचे, आता फोनच उचलत नाही, किल्लीसुद्धा शेजाऱ्यांकडे टाकून गेला. ॲग्रीमेंट आहे माझ्याकडे. भिंतींना खिळे ठोकून ठेवलेत, तर रंगाचा खर्चही दाव्यात घालावा म्हणतोय. पैसे खरंच हातात पडतात की वकिलाच्या फीतच जातात?

मीपण_भोगलंय
माझ्या केसमध्ये भाडेकरू तारखेला आलाच नाही, एकतर्फी निकाल लागला, मी खूश. मग कळलं की निकाल म्हणजे नुसता कागद, वसुलीसाठी परत वेगळा अर्ज, आणि पगार किंवा बँक खातं जप्त करायचं तर ते कुठे आहे हे आपणच शोधून द्यायचं. मला त्याच्या ऑफिसचं नावही माहीत नव्हतं! शेवटी माझ्याच जुन्या स्टेटमेंटमध्ये तो भाडं कुठल्या बँकेतून पाठवायचा ते सापडलं. त्यामुळे तुमचा भाडेकरू सध्या कुठे राहतो, कुठे कामाला आहे हे आधी काढा, दावा नंतर.

कागद_जपून_ठेवा
रंगाचं सोडा हो. खिळ्यांची भोकं बहुतेक वेळा रोजच्या वापरातली झीज धरली जाते आणि त्याला भांडायला आयतं निमित्त मिळतं. भाड्याचा हिशोब सरळ आहे, ठरलेलं किती, आलेलं किती, बाकी किती, महिनावार तक्ता करा. तो "टाकतो" वाला मेसेज तर सोनं आहे, बाकी मान्य केल्यासारखंच झालं ना ते, नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि बसून राहू नका, प्रत्येक महिन्याच्या भाड्यासाठी दावा करायची मुदत ते देय झालं तेव्हापासून वेगळी धावते. किल्ली कुठल्या तारखेला मिळाली? तो हमखास म्हणणार की मी आधीच गेलो होतो.

वैतागलेला_मालक
शेजारी म्हणतात २७ की २८, नक्की आठवत नाही. पण किल्ली घेतल्या घेतल्या मी लाईटच्या मीटरचा फोटो काढलेला, त्यावर तारीख असेल.

कागद_जपून_ठेवा
मग झालं की. तरी शेजाऱ्यांकडून दोन ओळी लिहून सही घ्या, आत्ताच, नंतर कोणी त्या भानगडीत पडत नाही.

शांतपणे_घ्या
आधी लेखी नोटीस पाठवा, रक्कम आणि शेवटची तारीख स्पष्ट टाकून, पोच मिळेल अशा पद्धतीने. बरेच जण तिथेच नरमतात. हप्ते मागितले तर द्या, पण एक हप्ता चुकला की उरलेली सगळी रक्कम एकदम द्यायची हे लिहून घ्या. आणि नोटिशीत शिव्या नकोत, पुढे तीच कोर्टासमोर जाते 😅

वैतागलेला_मालक
शिव्यांचा ड्राफ्ट तयार होता, डिलीट केला. रंगही काढला. आता स्टेटमेंट चाळत बसलोय, पहिल्या ३ महिन्यांचं भाडं भलत्याच खात्यातून आलेलं दिसतंय, बहुतेक त्याच्या भावाच्या.