मॅग्नेटिक सायकल: डावं पेडल टकटक करतंय, लोडही लागत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आईच्या गुडघ्यांसाठी घरी मॅग्नेटिक एक्सरसाइज सायकल घेतली. फिजिओथेरपिस्टनी रोज १५ मिनिटं, कमी लोडवर चालवायला सांगितलंय. जोडून द्यायला माणूस येईना, म्हणून पुस्तिकेतली चित्रं बघून मीच जोडली.

तीन आठवड्यांत डावं पेडल वाजायला लागलंय. दर फेऱ्याला पाय खाली दाबला की एकदा ‘टक्’. हाताने धरलं तर किंचित डुगडुगतं. पान्याने आवळलं की दोन दिवस बरं, मग परत तेच. जोडताना हे पेडल सरळ जाईना म्हणून जोर लावला होता. तेव्हा आट्यांतून बारीक चकचकीत कीस पडला, तो मी फडक्याने पुसून टाकला. आता तोच सारखा आठवतोय.

शिवाय लोडचा नॉब १ वर ठेवा नाहीतर ८ वर, सायकल सारखीच हलकी.

क्रँक (पेडल ज्यात बसतं तो दांडा) बदलावा लागेल का? तोवर आईने चालवली तर चालेल? तिला आत्ता कुठे सवय लागलीय, खंड पडू नये असं फार वाटतं.

प्रतिसाद :
आधी आईंना थांबवा. पाय जोरात असताना पेडल निखळलं तर गुडघ्याचं दुखणं परवडलं म्हणाल. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने घट्ट होतं. पेडल काढून क्रँकच्या भोकात टॉर्च मारा. आटे सपाट झाले असतील तर आवळून उपयोग नाही. डावा क्रँक आणि पेडल दोन्ही बदला, खराब आट्यांचं जुनं पेडल नव्या क्रँकचीही वाट लावेल. नवं पेडल आधी तीन-चार फेरे नुसत्या बोटांनी फिरवा, पाना नंतर.

लोडचं सोपं आहे. नॉब तार ओढतो, तार चुंबक चाकाजवळ आणते. चुंबक चाकाला टेकत नाही, त्यामुळे तो झिजला असं होत नाही. पुढचा खांब उचलून बघा, वरची तार खालच्या हुकात अडकलेली नसेल. परत बसवताना मीटरची वायर चेपू देऊ नका.

धागाकर्ता :
खूप आभार! तार खरंच सुटलेली होती, अडकवल्यावर ८ वर बाबांना दम लागला. क्रँकचे आटे मात्र निम्मे गेलेत. डावा क्रँक आणि पेडलची जोडी मागवलीय. तोवर आई खुर्चीत बसून पाय सरळ करायचा व्यायाम करतेय.