मदत हवी आहे: पत्नी नाही, मुलगी पाचवीत, आई थकलेली. डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअर, लष्करी ठिकाणांवर पहारा देणारं माजी सैनिकांचं दल) पुन्हा भरती व्हावं का?

माणदेशी_नाईक:
जय हिंद मंडळी. माण तालुक्यातला आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून नाईक म्हणून पेन्शन आलो, वय आता अडतीस. पेन्शन आल्यावर वर्षभरातच मंडळी आजारपणात गेली. घरात मी, दहा वर्षांची मुलगी आणि आई. आईला शुगर आहे, गुडघे धरलेत, पण स्वयंपाक अजून तीच करते. धाकटी बहीण दहिवडीत दिलेली आहे, ती येऊन-जाऊन असते.

सध्या चाकणला एका कंपनीत सिक्युरिटीला आहे. बारा तासांची पाळी, बदली माणूस आला नाही तर पुढचीही आपणच करायची. मुलगी गावी, मी खोलीवर. म्हणजे बाप जवळ नाही तो नाहीच, वर पगारही धड नाही.

बेळगावला सेंटरमध्ये डीएससीची भरती रॅली निघाली की जायचं असं बॅचमधले दोघे म्हणतायत. मेडिकलची चिंता नाही, शेप वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त शेऱ्यावर सुटलो, डिस्चार्ज बुकात कॅरेक्टर एक्झेम्प्लरी (उत्कृष्ट) आहे. पैशाचंही कळतं. जुनी पेन्शन चालू ठेवून पगार घ्यायचा की मागची नोकरी पुढच्या नोकरीला जोडायची हे लिहून द्यावं लागतं, आणि डीएससीत स्वतंत्र पंधरा वर्षं भरली तर दुसरी पेन्शन बसते. माझ्या वयाला पंधरा भरतात. चाळिशी ओलांडून जाणाऱ्यांची तिथंच गोची होते.

अडतंय ते वेगळ्याच ठिकाणी. एकटा बाप म्हणून भरतीत काही आडवं येतं का? रात्रीच्या गार्डला गेलो तर पोर कुणाकडे? आणि माझं बरंवाईट झालं तर तिचं नाव कागदावर कुठं कुठं असायला हवं? ज्यांनी हे पाहिलंय त्यांनीच सांगा. "देशसेवा करा भाऊ" असलं नको, ती करून आलोय.

डेपो_गार्ड:
मी ईएमईतून (लष्कराची वाहनं-यंत्रं दुरुस्त करणारी कोअर) डीएससीत गेलो, पुलगाव आणि देहूरोड दोन्हीकडे होतो. भरतीत बायको आहे का नाही यावर कुणी अडवत नाही. बघतात ते वय, मेडिकल, डिस्चार्ज बुक आणि पेन्शन आल्यापासून किती काळ गेला. ही शेवटची अट पत्रकात नीट वाचा, वय बसतं आणि इथं माणूस बाद होतो. निवड झाली की केरळात कन्नूरला, डीएससी सेंटरला हजर व्हायचं. त्या काळात मुलगी गावीच राहणार हे धरून चाला.

पुढचं पोस्टिंग नशिबावर. आपली प्लाटून डेपोला, कारखान्याला नाहीतर एअरफोर्सच्या तळाला जोडलेली असते आणि क्वार्टर त्यांच्याकडच्या शिलकीवर मिळतं. महाराष्ट्र मिळाला तर घर जवळ. आसाम किंवा जम्मू मिळालं तर तुमच्या आईला तिथं नेणार का, ते आत्ताच तिला विचारा. काम मात्र बटालियनसारखं नाही. गार्ड, संत्री, गेटवरची झडती. पळापळ कमी आणि जागरण भरपूर.

फौजीची_मेघना:
दादा, मी फौजीची बायको आहे, म्हणून एक उलटं सांगते. क्वार्टर मिळालं तरी रात्री आजी आणि नात दोघीच राहणार. शेजार चांगला असतो, मला तरी कायम मिळाला, पण आजींची शुगर रात्री उतरली तर दहा वर्षांची पोर काय करेल? ती गावात असेल तर निदान चुलते, भावकी आहे. क्वार्टरला नेण्यापेक्षा तिला एका जागी ठेवून तुम्ही सुट्टीला येणं मला जास्त बरं वाटतं. मुलं तीन वर्षांनी शाळा बदलतात तेव्हा काय होतं ते माझ्या दोघांचं बघून सांगतेय.

पाचवीत आहे ना? मग सहावीसाठी सातारच्या सैनिक शाळेची प्रवेश परीक्षा द्यायला लावा. २०२१-२२ पासून सगळ्या सैनिक शाळांत मुलींना घेतात, आणि आजी-माजी सैनिकांच्या मुलांना २५ टक्के जागा आहेत. म्हणजे तुम्ही भरती झालात न झालात तरी तो कोटा तुमचाच. वयाचा दाखला आधी काढून ठेवा. नाहीच जमलं तर सैनिक कल्याण विभागाच्या मुलींच्या वसतिगृहाची चौकशी करा.

सुभेदार_तात्या:
कागदाचं मी सांगतो, रेकॉर्ड ऑफिसला (सैनिकांच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) होतो. पहिलं काम, मंडळींच्या मृत्यूची नोंद रेकॉर्ड ऑफिसला झाली का? पीपीओवर (पेन्शन पेमेंट ऑर्डर, पेन्शनचा आदेश) अजून त्यांचंच नाव असेल तर मुलीचं नाव फॅमिली पेन्शनसाठी आत्ताच लावून घ्या, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून फॉर्म जातो. मुलीला ती पंचवीस वर्षांपर्यंत, लग्न किंवा कमाई सुरू होईपर्यंत. अविवाहित राहिली आणि उत्पन्न मर्यादेत असलं तर पुढेही.

डीएससीत गेल्यावर पार्ट टू ऑर्डरमध्ये (सैनिकाच्या घरच्या नोंदी छापणारा आदेश) मुलगी आणि आई दोघींचं नाव छापून आलंय ना ते स्वतः डोळ्यानं बघायचं. कारकुनाच्या "हो जाएगा"वर सोडायचं नाही. आईला वडिलांची काही पेन्शन आहे का? महिना ९००० आणि त्यावरचा महागाई भत्ता या मर्यादेच्या आत असेल तरच अवलंबित धरतात.

मुलीचा शिक्षण भत्ता जानेवारी २०२४ पासून महिना २८१२.५० रुपये आहे. निवासी शाळेत टाकली आणि शाळा तुमच्या राहत्या जागेपासून ५० किलोमीटरच्या पलीकडे असली तर वसतिगृहाचे ८४३७.५० रुपयांपर्यंत. आणखी एक. संरक्षण मंत्रालयानं २०१९ मध्ये एकट्या पुरुष पालकांनाही बालसंगोपन रजा मंजूर केली. तुम्ही त्यात बसता. पण रजा कागदावर आहे, देणारा साहेब गार्डची संख्या बघून देतो. परीक्षेच्या दिवसांत मागायची असेल तर अर्ज दोन महिने आधी टाका.

माणदेशी_नाईक:
मेघनाताई, तुमचं पटलं. आईला विचारलं, ती म्हणाली "मला आसाम-बिसाम नको, तू जा, पोरगी माझ्याकडं राहील." पण तिच्या जिवावर पंधरा वर्षं काढता येणार नाहीत, हे तिलाही कळतं. बहिणीला बोलावलंय रविवारी, दाजींसकट. सैनिक शाळेचं मुलीला सांगितलं तर तिनं आधी विचारलं, तिथं मोबाईल चालतो का.

तात्या, आईला वडिलांची एसटीची पेन्शन आहे, दोन हजारांच्या आतच. मुलीसाठी पालक म्हणून कुणाचं नाव द्यायचं, आईचं की बहिणीचं? आई सत्तरीला आली.

सुभेदार_तात्या:
नेक्स्ट ऑफ किन (सर्वांत जवळचं नातं) म्हणून आई लिहा, मुलीची पालक बहीण. तिचं आधार आणि संमतीपत्र रॅलीला जायच्या आधी तयार ठेवा, आणि ग्रुप इन्शुरन्सच्या नॉमिनेशनमध्ये मुलगी अज्ञान आहे म्हणून पालकाचा रकाना असतो, तो रिकामा सोडू नका. पीपीओ आला हातात की इथं टाका, पण नंबर झाकून.