प्लॅटफॉर्मना वेसण घालायची, पण नेमकी कुठे?

उंबरठा (धागाकर्ता)

'ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर नियंत्रण हवं का' अशी चर्चा कुठेही निघाली की थोड्याच वेळात गाडी त्याच रुळावर जाते. अमक्याची पोस्ट का उडवली, तमक्याची का ठेवली. मग दोन्हीकडचे दुखावलेले लोक जमतात आणि आखाडा सुरू होतो. मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. कोण काय बोललं ह्यात कायद्याने फार पडू नये. पण ते बोलणं लाखो लोकांपुढे कुठल्या हिशेबाने आणून ठेवलं गेलं, ह्याचा जाब विचारता आला पाहिजे.

उदाहरण देतो. २०१७ पासून फेसबुकच्या यंत्रणेत साध्या 'लाइक'ला एक गुण होता, तर रागाच्या चेहऱ्यासकट बाकीच्या इमोजींना पाच. हे बाहेर आलं २०२१ मध्ये, फेसबुकमध्ये काम केलेल्या फ्रान्सिस हॉगेन ह्यांनी कंपनीतली कागदपत्रं उघड केल्यावर. म्हणजे चिडवणाऱ्या मजकुराचं पारडं जड करायचा निर्णय कुणीतरी ऑफिसात बसून घेतला होता. २०२० मध्ये कंपनीनेच रागाच्या इमोजीचं वजन शून्यावर आणलं होतं. त्यासाठी कुणाच्या तोंडाला कुलूप लावावं लागलं नाही, एक आकडा बदलला.

दुसरी बाजू धंद्याची. फाउंडेम नावाची, किमतींची तुलना करून देणारी एक छोटी ब्रिटिश साइट होती. गूगलच्या निकालांत ती पार तळाला गेली आणि गूगलची स्वतःची खरेदीसेवा वर दिसू लागली. त्यांनी २००९ मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने २.४२ अब्ज युरोंचा दंड ठोठावला तो २०१७ मध्ये. शेवटच्या न्यायालयात तो कायम झाला सप्टेंबर २०२४ मध्ये. फाउंडेम २०१६ लाच बंद पडली होती. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

म्हणून मला नंतरच्या दंडापेक्षा आधी घालून दिलेले नियम बरे वाटतात. युरोपचा डिजिटल मार्केट्स कायदा तेच करू बघतो. 'द्वारपाल' (बाजारात शिरायचं दारच ज्यांच्या हातात आहे अशा) ठरलेल्या बड्या कंपन्यांनी स्वतःच्या मालाला झुकतं माप द्यायचं नाही हे आधीच लिहून ठेवलंय, आणि मोडलं तर जगभरच्या उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड.

मतं येऊ द्या. फक्त 'माझी पोस्ट उडवली' छाप गाऱ्हाणी दुसऱ्या धाग्यावर न्या, ही विनंती.

चौथा मजला

मांडणी चांगली आहे, पण तुम्ही कायद्याच्या हेतूवरून त्याच्या परिणामाचा अंदाज बांधताय. हेतू नेहमीच चांगले असतात.

युरोपचा माहिती-संरक्षणाचा कायदा, जीडीपीआर, मे २०१८ मध्ये लागू झाला. रोख कुणावर होता? ह्याच बड्या कंपन्यांवर. नंतर अर्थतज्ज्ञांनी गूगल प्ले वरच्या लाखो ॲपचा अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा की ह्या कायद्यामुळे साधारण एक तृतीयांश ॲप बाजारातून गेली आणि नवी येण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. ज्यांच्यासाठी सापळा लावला ते मात्र ठणठणीत आहेत, कारण त्यांच्याकडे वकिलांची फौज आहे.

२०१९ मध्ये मार्क झकरबर्ग ह्यांनीच लेख लिहून 'इंटरनेटला नवे नियम हवेत' अशी मागणी केली होती, आठवतंय? मोठा मासा आपणहून जाळं विणू लागला की जाळ्याची भोकं कुणाच्या मापाची असतील?

आणि आपल्या पदरात काय पडलं, तर प्रत्येक साइटवर 'मान्य आहे'ची पट्टी. ती पूर्ण वाचणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. भेटला तर दंडवत घालीन.

तळटीप

बारीक दुरुस्ती. ही 'मान्य आहे'ची, म्हणजे कुकीची (साइटने आपला माग ठेवायला संमती मागणारी) पट्टी मुळात जीडीपीआरची नाही. ती आली युरोपच्याच ई-प्रायव्हसी निर्देशात २००९ मध्ये झालेल्या सुधारणेमुळे. जीडीपीआरने 'संमती' कशाला म्हणायचं ते कडक केलं, म्हणून पट्ट्या वाढल्या आणि लांबल्या.

बाकी चालू द्या.

रिकामी खुर्ची

चौथा मजला ह्यांना +१. फुकट वापरायचं आणि वर बोंब मारायची. पटत नसेल तर खातं बंद करा, कुणी हात धरलाय?

उंबरठा

रिकामी खुर्ची, 'कुणी हात धरलाय' ह्याचं उत्तर आकड्यात आहे. अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं की ब्राउझर आणि फोनमध्ये आधीपासून आपलंच सर्च असावं म्हणून गूगलने २०२१ ह्या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर मोजले. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता ह्यांनी ही बेकायदा मक्तेदारी ठरवली. लोक आपखुशीने निवडतातच, तर एवढी रक्कम कशापायी?

सुतळी

खातं बंद करा म्हणणाऱ्यांसाठी. माझं बंद झालं होतं, मी न करता.

मी हाताने बांधलेल्या वह्या एका मोठ्या विक्री-साइटवर विकते. एके दिवशी सकाळी उघडलं तर दुकान गायब. ईमेलमध्ये एवढंच: धोरणाचा भंग झाल्याने खातं निलंबित. कुठलं धोरण? कुठली वही? विचारलं, तर तीच ईमेल पुन्हा. तिसऱ्यांदाही तीच, स्वल्पविरामासकट. अकरा दिवसांनी दुकान आपोआप परत आलं. ना खुलासा, ना दिलगिरी. त्या अकरा दिवसांत शोधाच्या यादीत मी इतकी खाली गेले की वर यायला दोन सीझन गेले. आणि ते अकरा दिवस मी रोज रात्री माझ्याच वह्यांची वर्णनं वाचत बसायचे, चोरी कुठे केली ते शोधत.

नंतर कळलं की युरोपात २०१९ मध्ये प्लॅटफॉर्म आणि विक्रेते ह्यांच्यातल्या व्यवहाराचा एक नियम झाला आणि जुलै २०२० पासून तो लागू आहे. विक्रेत्याची सेवा कायमची बंद करायची तर तीस दिवस आधी सांगायचं, कारणासह. तात्पुरती थांबवली तरी कारण द्यायचं. मला कुणाच्या कंपनीचे तुकडे करायचे नाहीत, अब्जांचे दंड नकोत. मला कारण हवं होतं.

चौथा मजला

सुतळीताई, वाईट झालं, आणि तुमची मागणी ह्या धाग्यावरची सगळ्यात वाजवी मागणी आहे. पण बनावट माल विकणाऱ्यालाही तेच तीस दिवस मिळतील. महिन्याभरात तो हात धुऊन पसार होईल.

तळटीप

त्या नियमात अपवाद आहेत. वारंवार अटी मोडणारा, किंवा कायद्यानेच ताबडतोब काढायला लावलेला, अशांना मुदत नाही.

धूळपाटी

मी काही वर्षं एका फोरमची मॉडरेटर होते, म्हणून मूळ मुद्द्यावर बोलते. उंबरठा, 'बोलण्याला हात न लावता यंत्राला लावू' हे ऐकायला गोड आहे, पण ती भिंत तुम्ही म्हणता तितकी जाड नाही. रागाच्या इमोजीचं वजन शून्य केलं तेव्हा चिडलेल्या माणसाचं बोलणं कमी लोकांपर्यंत गेलं. त्यातला कुणी खरोखर अन्यायाने चिडलेला असेल. त्याला कळलंही नाही की आवाज खाली केला गेलाय. पोस्ट उडवली असती तर निदान कळलं असतं, भांडता आलं असतं.

हा गोंधळ जुना आहे. अमेरिकेत १९९१ मध्ये कॉम्प्युसर्व्ह ही ऑनलाइन सेवा बदनामीच्या खटल्यातून सुटली, कारण ती मजकूर तपासतच नव्हती. १९९५ मध्ये तशीच दुसरी सेवा, प्रॉडिजी, अडकली, कारण ती तपासत होती! झाडू मारला म्हणून घाणीची जबाबदारी तुझी, असा न्याय. त्यावर उतारा म्हणून १९९६ मध्ये कलम २३० आलं: लोकांनी लिहिलेल्या मजकुराबद्दल प्लॅटफॉर्मला प्रकाशक धरायचं नाही, आणि सद्भावनेने साफसफाई केली तर त्याचीही शिक्षा नाही. २०१८ मध्ये देहव्यापारासाठीच्या मानवी तस्करीपुरतं ह्या संरक्षणाला भोक पाडलं, तर क्रेगलिस्ट ह्या छोट्या जाहिरातींच्या साइटने जोडीदार शोधण्याचा आख्खा विभागच बंद केला. जोखीम वाढली की मालक चाळत बसत नाही, शटर ओढतो.

पण काहीच करायचं नाही असंही मी म्हणणार नाही. म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्धचं विष फेसबुकवरून पसरत होतं, आणि ते थांबवायला आपण पुरेसं केलं नाही अशी कबुली कंपनीने २०१८ मध्ये दिली. बर्मी भाषा वाचणारी माणसं त्यांच्याकडे सुरुवातीला मोजकीच होती. मोठ्या भाषांबाहेर जगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. आपण ज्या भाषेत हे लिहितोय, त्यातली तक्रार पलीकडे कोण वाचतं?

पिंपळपान

अवांतर, पण सरकारं घाईने काय करतात त्याचा नमुना. कॅनडाने २०२३ मध्ये कायदा केला: बातम्यांच्या दुव्यांसाठी प्लॅटफॉर्मनी वृत्तसंस्थांना पैसे द्यावेत. फेसबुकची मालक कंपनी मेटा, तिने पैसे देण्याऐवजी कॅनडातल्या फेसबुक-इन्स्टाग्रामवरून बातम्याच काढल्या. ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये तसंच पाऊल उचललं तेव्हा तर काही काळ हवामान खात्याचं फेसबुक-पानही कोरं झालं होतं.

रिकामी खुर्ची

म्हणजे माझंच म्हणणं. मालकाचं घर, मालकाचे नियम.

पिंपळपान

हवामानाचा इशारा ज्या घरातून द्यावा लागतो, ते घर खाजगी राहिलंय कुठे?

उंबरठा

धूळपाटी, मुद्दा लागला. 'एक आकडा बदलला' हे मी फार सहज लिहून गेलो. आकडा बदलणं हेही कुणाचा तरी आवाज कमी करणंच आहे, फक्त गुपचूप.

तरीही एक फरक धरून ठेवतो. तो आकडा सरकारने ठरवू नये आणि एकट्या कंपनीनेही ठरवू नये. वाचणाऱ्याला ठरवू द्या. युरोपच्या डिजिटल सर्व्हिसेस कायद्यात महिन्याला साडेचार कोटींहून जास्त युरोपीय वापरकर्ते असलेल्या प्लॅटफॉर्मवर ही सक्ती आहे: आमच्या सवयींचा माग न काढता मजकूर दाखवणारा निदान एक पर्याय द्यायचा. ज्याला रागीट भिंत (समोर येणाऱ्या पोस्टची यादी) आवडते त्याने ती ठेवावी. आणि चौथा मजला, त्या कायद्यातली बरीचशी कलमं पन्नासपेक्षा कमी माणसांच्या छोट्या कंपन्यांना लागूच होत नाहीत. जाळ्याची भोकं मोठी ठेवता येतात.

चौथा मजला

छोट्यांना सूट, हे मान्य. २०१८ पेक्षा कायदे लिहिणारे शहाणे झालेत.

पण पर्यायाचं बटण? उंबरठा, मघाशी वर तुम्हीच २६.३ अब्ज डॉलरचा दाखला दिलात. लोक आधीपासून असलेली निवड बदलत नाहीत म्हणूनच ती जागा तेवढ्याला विकली जाते, बरोबर? मग तुमचं बटण सेटिंगच्या चौथ्या पानावर पडून राहील आणि कंपनी म्हणेल, 'आम्ही पर्याय दिला होता.' एक तर लोक निवडतात, नाही तर निवडत नाहीत. रिकामी खुर्चीला उत्तर देताना एक आणि मला देताना दुसरं, असं कसं चालेल?

उंबरठा

पकडलंत. मग बटण उलटं असावं. साधी, तारखेनुसार चालणारी भिंत आधीपासून, आणि सवयींवर चालणारी हवी त्याने मागून घ्यावी.

चौथा मजला

म्हणजे कुठली भिंत आधी दिसावी हे शेवटी कायदाच ठरवणार. 'तो आकडा सरकारने ठरवू नये' म्हणताना तुम्ही ह्याच्या विरुद्ध होता.

धूळपाटी

आणि तारखेनुसार लावलं की जो दिवसभर पोस्टत बसतो तोच वर राहतो. आमच्या फोरमवर तेच व्हायचं. अशा तीन सदस्यांची नावं मला अजून पाठ आहेत.

सुतळी

तुमचं भिंतींचं चालू द्या. मला एक सांगा, कारण द्यायला लावण्याला इथे कुणाचा विरोध आहे?

रिकामी खुर्ची

माझा नाही. एवढं तर द्यायलाच हवं.

चौथा मजला

माझाही नाही. पण कारण लिहिणार कोण ते आधी बघा. युरोपात मजकूर काढल्याची कारणं आता सार्वजनिक डेटाबेसमध्ये जमा करावी लागतात. सहज चाळून पाहा, छापाचे गणपती. कायदा पाळला जातो, कळत काहीच नाही.

तळटीप

म्हणूनच अपिलाचा निर्णय नुसत्या यंत्रावर सोडता येत नाही, असं त्याच डिजिटल सर्व्हिसेस कायद्यात आहे. छोट्या कंपन्या सोडून.

सुतळी

माझ्याकडे त्या तिन्ही ईमेल अजून आहेत. खाली सही आहे, 'आपुलकीने, तुमची टीम'.