जुन्या ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन मालिका जमवताना डीव्हीडी घ्यावी की ब्ल्यू-रे?

कोथरूडकर
नमस्कार. वडील गेल्यानंतर माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत त्यांनी जपलेल्या व्हीएचएस कॅसेटी सापडल्या. ‘येस मिनिस्टर’, ‘फॉल्टी टॉवर्स’, ‘बॉडीलाइन’ अशी नावे त्यांच्याच अक्षरात लिहिलेली आहेत, पण तीन कॅसेटींच्या फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसते. हा संग्रह मला पुढे वाढवायचा असून त्यात ऑस्ट्रेलियन चित्रपटांचीही भर घालायची आहे. परदेशी डीव्हीडी आपल्याकडे चालतात का, आणि जास्त पैसे मोजून ब्ल्यू-रे घेण्यात अर्थ आहे का? जुन्या बाजारात रविवारी घेतलेला एक संच घरी आणून पाहिला, तर ती कुणीतरी संगणकावर उतरवलेली नक्कल निघाली, म्हणून आधी विचारतो आहे.

फितींचा सोबती
ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि भारत या तिन्ही देशांत ‘पाल’ हीच टीव्हीच्या चित्राची पद्धत होती, त्यामुळे चित्राची अडचण येत नाही. अडचण असते ती विभागांची, कारण डिस्क सहसा ठरावीक विभागाच्या प्लेअरवरच चालते. डीव्हीडीसाठी ब्रिटन विभाग २ मध्ये, ऑस्ट्रेलिया ४ मध्ये आणि आपण ५ मध्ये येतो. ब्ल्यू-रेसाठी ते दोघे ‘बी’ आणि आपण ‘सी’. सर्व विभाग चालवणारा प्लेअर एकदा घेतला की हा प्रश्न मिटतो, मात्र तो डीव्हीडी आणि ब्ल्यू-रे या दोन्हींसाठी खुला आहे ना, हे दुकानातच डिस्क लावून पाहावे.

ब्ल्यू-रेबाबत माझे मत ठाम आहे: पैसे देण्यापूर्वी ती मालिका मुळात कशावर चित्रित झाली, हे पाहावे. त्या काळी ब्रिटनमध्ये स्टुडिओतले प्रसंग व्हिडिओ टेपवर आणि बाहेरचे प्रसंग बहुधा १६ मिलिमीटर फिल्मवर घेत असत. नायक दार उघडून अंगणात आला की चित्राचा पोतच बदलतो, तो याच कारणाने. ‘येस मिनिस्टर’ (१९८०) किंवा ‘आय, क्लॉडियस’ (१९७६) मधले स्टुडिओतले प्रसंग टेपवरचे आहेत. त्यांत ‘पाल’ चित्राच्या ६२५ रेषांपलीकडचा तपशील नाहीच, तेव्हा चांगली डीव्हीडी पुरेशी आहे. याउलट ‘ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड’ (१९८१) फिल्मवर चित्रित झाली असल्यामुळे मूळ फिल्मवरून नव्याने केलेली प्रत पाहताना कपड्याची वीणसुद्धा दिसते. तिथे पैसे अवश्य खर्च करावेत.

आणि वडिलांच्या कॅसेटी कृपा करून टाकू नका. १९६० आणि ७० च्या दशकांत टेप महाग असल्यामुळे बीबीसीने असंख्य कार्यक्रम पुसून त्याच टेप पुन्हा वापरल्या. ‘डॅड्स आर्मी’च्या ८० भागांपैकी तीन आजही मिळालेले नाहीत. तुमच्या मालिका सुरक्षित आहेत, हे खरे; पण कॅसेटवर मालिकेच्या आधी-नंतर काय टिपले गेले आहे, ते पाहिल्याशिवाय कळणार नाही.

सदाशिव पेठ
ती पांढरी भुकटी बुरशी असण्याची दाट शक्यता आहे. त्या तीन कॅसेटी व्हीसीआरमध्ये मुळीच घालू नका, कारण बुरशीचे कण फीत वाचणाऱ्या हेडला चिकटतात आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जातात. माझ्या चांगल्या अकरा कॅसेटी एका पावसाळ्यात अशाच गेल्या, याचे मला अजून वाईट वाटते. त्या वेगळ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, उन्हात वाळवू नका, आणि साफसफाई जाणकाराकडूनच करून घ्या. बाकीच्या कॅसेटींची फीत एका बाजूला पूर्ण गुंडाळून त्या, पुस्तकांसारख्या उभ्या, खालच्या कपाटात ठेवा. स्लॅबखालचा माळा उन्हाळ्यात फार तापतो.

लाल चेंडू
ऑस्ट्रेलियन भागाविषयी थोडेसे. ‘बॉडीलाइन’ (१९८४) आवर्जून जपा. त्यात ह्यूगो विव्हिंगने साकारलेला इंग्लंडचा क्रिकेट कर्णधार डग्लस जार्डिन हा मुंबईत जन्मलेला, ही गोष्ट आपल्याकडच्या क्रिकेटप्रेमींनाही अनेकदा ठाऊक नसते. चित्रपटांत ‘माय ब्रिलियंट करिअर’ (१९७९) आणि ‘ब्रेकर मोरंट’ (१९८०) यांपासून सुरुवात करावी. ‘पिकनिक अ‍ॅट हँगिंग रॉक’ (१९७५) घेताना मात्र वेष्टन नीट वाचावे, कारण दिग्दर्शक पीटर वेअर यांनी १९९८ मध्ये त्यातले काही प्रसंग काढून नवी, लहान आवृत्ती केली. मला स्वतःला मूळ आवृत्तीच प्रिय आहे. शिवाय सेकंदाला २४ चित्रांचा चित्रपट पालच्या डीव्हीडीवर २५ च्या वेगाने धावतो, म्हणून तासाला सुमारे अडीच मिनिटे कमी भरतात. त्याला काटछाट समजू नये.

कोथरूडकर
सर्वांचे मनापासून आभार. तिन्ही कॅसेटी आज सकाळीच वेगळ्या डब्यात ठेवल्या. त्यांपैकी एकीवर फक्त ‘१९८७, आईसाठी’ एवढेच लिहिले आहे. अशा फिती स्वच्छ करून देणारे कुणी पुण्यात माहीत असल्यास कळवावे.