मदत हवी आहे: सोलरची बॅटरी रोज वापरायची की लाइन जाईल तेव्हासाठी राखायची?

राहायला नागपुरात मानकापूरला. मागच्या वर्षी गच्चीवर ३ किलोवॅटचे पॅनल बसवले. हायब्रिड इन्व्हर्टर, नेट मीटर (लाइनकडून घेतलेली आणि लाइनला दिलेली वीज मोजणारा) आणि १२ व्होल्ट १५० एएचच्या (अँपिअर-तास) ४ ट्यूब्युलर बॅटऱ्या. बसवणाऱ्या पोराने सेटिंग असं केलं: आधी सोलर, मग बॅटरी, लाइन सगळ्यात शेवटी. "काका, जितकी बॅटरी वापराल तितकं बिल वाचेल," म्हणाला. पटलं.

आता अंधार पडला की दीड टनाचा एसी बॅटरीवर चालतो आणि साडेदहापर्यंत बॅटरी बसते. मग नेमकी रात्री दोनला लाइन जाते. गच्चीवरून कोराडीच्या वीज केंद्राच्या धुराच्या चिमण्या दिसतात, त्यांच्याकडे बघत उकडत बसायचं! हिवाळ्यात डिस्टिल्ड वॉटर दोन महिन्यांनी लागायचं, मे महिन्यात पंधरा दिवसांत पाण्याची पातळी दाखवणारा फ्लोट खाली. बॅटऱ्या गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत आहेत. दुपारी डब्याला हात लावून पाहिला, चटकाच बसला.

लिथियम घ्या, असं दोघांनी सांगितलं. पण आहे त्याच बॅटऱ्या मी चुकीच्या वापरून राहिलो का, ते आधी सांगा.

प्रतिसाद १

भाऊ, बॅटरी ठीक आहे, सेटिंग चुकलं. १२ × १५० × ४ म्हणजे कागदावर ७.२ युनिट. लेड-ॲसिड (तुमची ट्यूब्युलर तीच) रोज अर्ध्याच्या खाली नेऊ नये, म्हणजे हाताशी ३.६. शिवाय तिच्यात ४ युनिट भरले तर परत मिळतात साधारण ३. तुमच्या बिलात दुपारी लाइनला दिलेलं युनिट जसंच्या तसं वजा होतं ना? मग ती लाइनच तुमची मोठी बॅटरी, तिला ना पाणी घालावं लागत ना ती बसत. आधी सोलर, मग लाइन, बॅटरी शेवटी असं करा. एसी बॅकअपच्या लाइनवरून काढा. पंखे, दिवे, फ्रिज आणि कूलर राहू द्या.

खरा घात गरमीचा आहे. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना लेड-ॲसिडचं आयुष्य साधारण निम्मं होतं. टिनाखाली लिथियमचेही हालच होतील, म्हणून आधी जागा बदला. खाली सावलीत आणा, पण बंद कपाटात नको, चार्जिंगला हायड्रोजन निघतो. इन्व्हर्टरही सोबत आणा, बॅटरीची वायर लांबवू नका. इन्व्हर्टरमधलं फ्लोट सेटिंग (भरलेल्या बॅटरीला देत राहायचा व्होल्टेज) ५४ व्होल्टवर असेल तर उन्हाळ्यापुरता ५३ करा, पाणी कमी उडेल.

धागाकर्ता

सेटिंग बदललं, एसी काढला. काल पावणेदोनला लाइन गेली, सव्वातीनला आली, कूलर चालूच होता. इलेक्ट्रिशियन रविवारी येतो म्हणाला. खाली जागा म्हणजे फक्त जिन्याखालची, मोकळी आहे, जाळीची खिडकीही आहे. पण तिथे आईच्या लोणच्याच्या बरण्या आहेत. चालेल?

प्रतिसाद १

जागा चालेल, बरण्या नाही. बॅटरीजवळ ॲसिड उडतं, तिथे खायचं काही नको. रविवारच्या आत आईंशी बोलून घ्या, ते काम इलेक्ट्रिशियनचं नाही.