पहिलं गृहकर्ज आणि क्रेडिट कार्ड: तुमचे अनुभव लिहा

चाफा
भाचीने काल विचारलं, "मावशी, गृहकर्जाचा अर्ज करायचाय, त्याआधी कार्ड बंद करून टाकू का?" आणि मला आमचा पहिला अर्ज आठवला. आमचं एकही बिल कधी थकलं नव्हतं, तरी बँकेतले साहेब सिबिलच्या (कर्ज-कार्डांच्या नोंदी ठेवणारी संस्था) रिपोर्टमधल्या कार्डापाशीच अडून बसले. दिराचं लग्न नुकतंच झालं होतं, सगळी खरेदी त्या कार्डावर. बिल पूर्ण भरलेलं होतं. पण बिल तयार झालं त्या दिवशीची बाकी सिबिलकडे गेली होती, त्यामुळे लिमिट जवळजवळ संपलेलं दिसत होतं. पुढच्या महिन्यात बिल निघायच्या आधीच पैसे भरले, रिपोर्ट सुधारला आणि काम झालं. तेव्हा माहिती महिन्यातून एकदा जायची, १ जानेवारी २०२५ पासून दर पंधरवड्याला जाऊ लागली. म्हणजे शेवटची तारीख पाळणं वेगळं आणि बिलाची तारीख सांभाळणं वेगळं, हे भाचीला सांगितलंय. तुमचंही लिहा, तिला धागा पाठवणार आहे.

रानवारा
बंद नको!! जुनं कार्ड तर अजिबात नको. एकूण लिमिट कमी होतं, मग तेवढाच खर्च जास्त दिसतो. ३० टक्क्यांच्या आत ठेवायला सांग.

सांजवेळ
घाईत लिहितेय, मुलं शाळेतून यायची वेळ झाली. यांचं लग्नाआधीचं एक कार्ड होतं, वापरातच नव्हतं. त्यावर वार्षिक फी, तिच्यावर व्याज. वसुलीवाल्याने फोनवर "थोडे भरा, मिटवून टाकू" म्हटलं, यांनी भरले. रिपोर्टवर 'सेटल्ड' लागलं ना! घराच्या वेळी तेच आडवं आलं. उरलेली सगळी रक्कम भरून नाहरकत पत्र आणलं, तेव्हा कुठे 'क्लोज्ड' झालं. फार मनस्ताप झाला हो.

चाफा
अगं बाई. सासूबाईंच्या आजारपणातच ना हे सगळं?

सांजवेळ
हो, तेव्हाच. आता बऱ्या आहेत.

कडेकपारी
आपणच रिपोर्ट काढून पाहिला तर त्यातला स्कोअर (परतफेडीवरचे गुण) उतरतो का? ऑफिसात सगळे घाबरवतात.

रानवारा
नाही उतरत. बँकेने चौकशी केली की तिची नोंद होते, आपण पाहिलेलं धरत नाहीत. २०१७ पासून चारही संस्थांनी (सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क) वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा नियम आहे. चारही काढा. माझ्या एकात दुसऱ्याच कोणाचं तरी कर्ज दिसत होतं! तक्रार केली, निघालं. आता तर ३० दिवसांत निकाल लावला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

निळाई
कार्डावरचे हप्ते कोणीच लिहिले नाहीत? भावाने कर्ज मंजूर झाल्यावर फर्निचर हप्त्यावर घेतलं. पैसे सुटायच्या आधी बँकेने रिपोर्ट पुन्हा पाहिला आणि त्या हप्त्याएवढी त्याची ऐपत कमी धरली. वरची रक्कम वडिलांनी दिली. मंजुरी म्हणजे पैसे हातात आले असं नाही. चेक निघेपर्यंत नवं कार्डसुद्धा घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

कडेकपारी
+१. आणि डाउन पेमेंटसाठी कार्डावरून रोकड काढू नका, व्याज त्याच दिवसापासून सुरू. ३० लाखांपर्यंतच्या कर्जातसुद्धा बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंतच देते, बाकीचे आपलेच लागतात.

ओसरी
निळाई, भावाचं घर म्हणजे तो नदीकडचा प्रकल्प का? ताबा मिळाला?

निळाई
मिळाला गं, दिवाळीआधी. लिफ्ट अजून बंदच आहे, वडील चौथ्या मजल्यावर चढून येतात.

ओसरी
बापरे, काकांना जपा. आम्हीही तिथेच बुक केलंय, म्हणून विचारलं. पार्किंग करारात लिहून दिलं का त्यांनी?

निळाई
हो, पण मागून घ्यावं लागलं. व्यनि करते.

चाफा
भाची वाचतेय. विचारतेय की एक कार्ड खरंच नको असेल तर?

रानवारा
कर्जाचे पैसे सुटल्यावर कर म्हणावं. सगळी बाकी फेडून लेखी अर्ज द्यायचा. ७ कामाच्या दिवसांत बंद केलं नाही तर बँकेने दिवसाला ५०० रुपये द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. पोच मात्र जपून ठेव.