गल लेकवर पाँटूनचा पहिला हंगाम : बर्फ गेल्यावर नेमकं काय काय करायचं?

निवृत्त_नाविक

नमस्कार मंडळी. निवृत्तीनंतर मिनेसोटात ब्रेनर्डजवळ गल लेकवर राहायला आलो आहोत. वयं ६७ आणि ६४, बोटीचा अनुभव दोघांनाही शून्य. बोट जुनी घेतली आहे : २० फुटी पाँटून (पोकळ नळकांड्यांवर तरंगणारी सपाट बोट), मागे बाहेरून लावलेलं ६० अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक इंजिन म्हणजे आउटबोर्ड, ट्रेलरसकट. हिवाळाभर शेडमध्ये होती. आधीचे मालक म्हणतात की विंटरायझेशन (हिवाळ्यासाठी इंजिन तयार करून ठेवणं) केलं होतं, पण कागद काही नाही.

प्रश्न असे :

टाकीत मागच्या ऑगस्टचं साधं, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल अर्धं आहे. आता त्यात स्टॅबिलायझर ओतला तर चालेल ना?

बॅटरी मीटरवर १२.२ व्होल्ट दाखवते. ठीक आहे का?

बोट-लिफ्ट (धक्क्याशेजारी बोट पाण्यावर उचलून ठेवायची चौकट) दुसऱ्या तलावावरच्या माणसाकडून सेकंडहँड घेतोय. तो रविवारी पाण्यातून काढून देणार आहे. आणली की लगेच आपल्याकडे लावायची असा बेत आहे.

धक्क्याचे भाग किनाऱ्यावर रचून ठेवलेत. वेडर्स (छातीपर्यंतचे जलरोधक पँट-बूट) घालून दोघांनी मिळून बसवता येतील का? बर्फ गेला की त्याच आठवड्यात बोट उतरवायची इच्छा आहे.

ग्रीसवाला

काका, आधी पेट्रोल. स्टॅबिलायझर ताज्या पेट्रोलसाठी असतो, शिळ्याला तो तरुण करत नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. इंजिनाची नळी तिथूनच ओढते. टाकीच्या तळातून हातपंपाने थोडं काचेच्या बरणीत घ्या आणि तासभर स्थिर ठेवा. दोन थर दिसले तर सगळं पेट्रोल बाहेर काढा आणि काउंटीच्या घातक कचरा केंद्रावर द्या. त्यात नवीन मिसळून 'पातळ' करायच्या भानगडीत पडू नका. एकच थर असला तरी ते ऑगस्टचं आहे. मी काढूनच टाकेन. पुढे इथेनॉल नसलेलं ९१ ऑक्टेन भरा. मिनेसोटात ते बोटींसाठी मिळतं, पंपावर 'नॉन-ऑक्सिजनेटेड' अशी पाटी बघा. टाकी काठोकाठ भरू नका, दहावा हिस्सा रिकामा ठेवा. सकाळी थंड असलेलं पेट्रोल दुपारी फुगतं आणि व्हेंटमधून (टाकीच्या हवेच्या छिद्रातून) तलावात जातं.

पाणी वेगळं करणारा फिल्टर असेल तर नवा लावा. रबरी प्रायमर बल्ब (इंजिनात पेट्रोल चढवायचा फुगा) दाबून बघा. भेगा असतील किंवा दाबल्यावर चपटाच राहत असेल तर बदला. दाबताना बाण इंजिनाकडे आणि बल्ब उभा धरायचा. खूप दाबूनही घट्ट होत नसेल तर कुठेतरी हवा शिरते आहे, बहुतेक वेळा कनेक्टरची ओ-रिंग. इंजिन सुरू होऊन दोन-तीन मिनिटांत मरत असेल तर आधी टाकीचा व्हेंट बंद आहे का ते पाहा. निम्मे लोक तिथेच मेकॅनिकला पैसे देतात.

बॅटरी : स्थिर अवस्थेत १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. डबा फुगलेला असेल तर ती गोठली होती, चार्जरला लावूच नका. तसं नसेल तर रात्रभर चार्ज करा, काही तास तशीच ठेवून पुन्हा मोजा. मग स्टार्टर फिरताना मोजा. ९.६ च्या खाली गेली तर नवीन घ्या. जोडताना आधी लाल, मग काळी. काढताना आधी काळी. फुलपाखरी नटांनी आवळलेल्या तारा हादऱ्यांनी सैल होतात, तिथे लॉकनट लावा.

आता मुख्य काम, गिअर ऑइल. कागद नाही म्हणजे बदललेलं नाही असंच धरा. चावी काढा, बॅटरी सोडा, इंजिनाचा पाय (पाण्यात बुडणारा खालचा भाग) उभा सरळ करा, खाली भांडं ठेवा. आधी खालचा स्क्रू काढा, मग वरचा. तेल काळपट आलं तर चालेल. दुधाळ कॉफीसारखं आलं तर आत पाणी आहे, म्हणजे सील गेलं. स्क्रूच्या चुंबकाला बारीक चुरा चिकटलेला असतोच, पण तुकडे नकोत. नवीन तेल मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच, आणि नेहमी खालच्या भोकातून पंपाने वर चढवायचं. वरून ओतलं की हवा अडकते आणि तेल कमी बसतं. वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय तेल आलं की पंप न काढता आधी वरचा स्क्रू लावा, मग पंप काढून झटकन खालचा. दोन्ही वॉशर नवे.

त्याच बैठकीत पंखा (प्रोपेलर) काढा. शाफ्टभोवती मासेमारीचा दोरा गुंडाळलेला असतो. तो सील कापतो आणि दुधाळ तेल तिथूनच सुरू होतं. स्प्लाइन्सना (शाफ्टवरच्या खाचांना) मरीन ग्रीस लावा. नटाला कॉटर पिन असेल तर ती नवीन.

पाण्याच्या पंपाचा इंपेलर किती जुना हे माहीत नाही ना? मग बदला. रबराची पाती वर्षानुवर्षं एकाच बाजूला वाकून तशीच राहतात आणि पाणी ढकलत नाहीत.

मग अंगणात चाचणी. बागेच्या नळीला जोडायचे दोन्ही रबरी कप इंजिनाच्या पाणी ओढायच्या जाळीवर बसवा, आधी नळ सोडा, मग चावी फिरवा. कोरडं इंजिन काही सेकंदसुद्धा नको. अर्ध्या मिनिटात बाजूच्या छिद्रातून पिचकारी आली नाही तर बंद करा. त्या छिद्रात कुंभारीण माशीने घर केलेलं असतं. गवत कापायच्या मशीनचा नायलॉन दोरा आत घालून ते मोकळं होतं. कपांवर १५०० आरपीएमच्या वर जाऊ नका.

स्टार्टर फिरतच नसेल तर बहुतेकदा गिअर न्यूट्रलला नसतो. फिरतो पण इंजिन पेटत नाही, तर बहुतेकदा लाल दोरीची सेफ्टी क्लिप लावलेली नसते. हे दोन बघितल्याशिवाय कुणाला फोन करू नका.

शरयू_डुलुथ

ग्रीसवाला यांनी इंजिनाचं सांगितलंच आहे. मला काळजी तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांची वाटते.

लिफ्ट रविवारी आणून लगेच लावता येणार नाही. मिनेसोटाच्या नियमाप्रमाणे एका तलावातून काढलेली लिफ्ट किंवा धक्का दुसऱ्या पाण्यात घालण्याआधी किमान २१ दिवस कोरडा ठेवावा लागतो. कारण झेब्रा शिंपले. त्यांची पिल्लं नखाएवढीही नसतात, पोकळ नळ्यांत आणि चाकांच्या खाचांत बसतात. गल लेकमध्ये ते आहेतच, पण म्हणून नियम सुटत नाही, आणि इथून दुसरीकडे नेताना तर अजिबात नाही. त्या २१ दिवसांत लिफ्टच्या केबल्स हातमोजे घालून फडक्याने पुसत जा. फडकं जिथे अडकेल तिथे तार तुटलेली आहे. एक तार जरी काट्यासारखी वर आली असेल तरी केबल बदला. विंचचं (केबल गुंडाळायच्या यंत्राचं) मोठं चाक लिफ्ट खाली सोडताना हातातून सुटू देऊ नका. ते गरगर फिरतं आणि मनगट मोडतं.

रस्त्यावरून बोट नेताना सगळे बूच काढलेले असावे लागतात, हाही कायदा. पाँटूनला इतर बोटींसारखा तळाचा बूच बहुधा नसतो, पण नळकांड्यांना मागे छोटे बूच असले तर उघडून बघा. पाणी निघालं तर वेल्डिंगला चीर असू शकते.

आता थंडी. बर्फ गेल्या-गेल्या पाणी ४ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. हवा २० अंश आणि ऊन, त्यामुळे माणूस फसतो. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त १-१०-१ सांगतात : पडल्यावर १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, १० मिनिटं हातपाय कामाचे, १ तास शुद्ध हरपायला. पहिल्या मिनिटातला आपोआप येणारा मोठा श्वास पाण्याखाली आला तर बाकीचा हिशोब संपला. म्हणून लाइफ जॅकेट अंगात हवं, सीटखाली नाही. फुगणारं जॅकेट घेत असाल तर सीओटू सिलिंडर घट्ट आहे का आणि पाण्यात विरघळून जॅकेट फुगवणाऱ्या गोळीची तारीख काय, ते दर वसंतात बघा. रक्तदाब किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर थंड पाण्याचा झटका आणखी महागात पडतो, डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

त्याच कारणाने वेडर्स घालून धक्का बसवू नका. तळ गुळगुळीत, हातात जड भाग, आणि वेडर्समध्ये पाणी शिरलं की उठता येत नाही. हे काम पैसे घेऊन करणाऱ्यांकडे डीएनआरचा (राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचा) लेक सर्व्हिस प्रोव्हायडर परवाना लागतो, तो बघून माणूस ठरवा. मे महिन्यात त्यांच्या रांगा लागतात, आत्ताच फोन करा.

कोकणात नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात ना, तसं इथे मेच्या मध्यापर्यंत थांबा. तोपर्यंत वाहून आलेले ओंडके आणि सुटलेले धक्क्यांचे तुकडेही किनाऱ्याला लागतात, शेरीफकडच्या तरंगत्या खुणा (बॉय) जागेवर येतात. फक्त वॉलाय माशाची मासेमारी सुरू होते तो शनिवार-रविवार टाळा, बोटी उतरवायच्या रॅम्पवर जत्रा असते. निवृत्त आहात, मंगळवारी सकाळी जा.

वल्हं_आणि_वंगण

थोडी भर.

विम्यात 'ले-अप' कालावधी (बोट पाण्याबाहेर ठेवायचा काळ) लिहिलेला असतो. ती तारीख संपण्याआधी बोट पाण्यात गेली तर नुकसान तुमचं. आधी पॉलिसी वाचा. नोंदणी तुमच्या नावावर झाली आहे का तेही बघा, मिनेसोटात ती तीन वर्षांची असते.

अग्निशामक डिस्पोजेबल असेल तर त्यावरचं निर्मितीचं साल शोधा. १२ वर्षं झाली की बाद, काटा हिरव्यात असला तरी. प्रत्येकी एक जॅकेट, शिवाय १६ फूट किंवा त्याहून लांब बोटीला फेकायची उशी किंवा रिंग, तीही हाताशी.

ट्रेलरच्या टायरवर शेवटचे चार आकडे बघा : ३४१६ म्हणजे २०१६ चा ३४ वा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसली तरी बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा असतील तर बदला. मागे घ्यायचा सराव रिकाम्या पार्किंगमध्ये करा. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा, ट्रेलर ज्या बाजूला हवा त्या बाजूला हात हलवा. रॅम्पवर पट्टे सोडा, पण पुढचा विंचचा पट्टा बोट तरंगेपर्यंत सोडू नका.

पाँटूनवर पाहुणे आले की सगळे पुढच्या सोफ्यावर जातात, आणि लाट आली की नाक पाण्यात जातं. क्षमतेच्या पाटीवरचा आकडा पाळा आणि माणसं मागे-पुढे वाटून बसवा. शिडी पाण्यातून हात घालून उघडता येते का, हे धक्क्याला बांधलेल्या बोटीवर करून बघा.

निवृत्त_नाविक

सगळ्यांचे आभार. बरणीत दोन थर स्पष्ट दिसले, पेट्रोल काढतो आहे. गिअर ऑइल मात्र दुधाळ निघालं. नवीन भरून चालवू का?

ग्रीसवाला

नको. त्या पाण्याने हिवाळ्यात गोठून केसिंगला चीर पाडली नाही ना, हे आधी बघायला हवं. पाय पूर्ण रिकामा करा, पंख्याच्या मागे आणि जोडांवर चीर शोधा, आणि मेकॅनिककडून प्रेशर टेस्ट करून घ्या. केसिंग शाबूत असेल तर पंख्याच्या शाफ्टची सीलं बदलून भागतं. पाय उतरवतीलच, तेव्हा इंपेलरही त्याच हाताने बदलायला सांगा, मजुरी एकदाच लागेल. पहिल्या पाच-सहा तासांनंतर वरचा स्क्रू न काढता खालचा किंचित सैल करून दोन थेंब बघा. स्वच्छ असले तर सीलं बसली.